पानांवरच्या खडूच्या खुणा

थोरल्या लेकीचं लग्न झालं ते वर्ष. दोन महिन्यांनी धाकटा, वायरमन होता तो, कामावर गेला आणि घरी आलाच नाही. तेव्हापासून माझी बायको कामापुरतंच बोलायची. रडली नाही, त्याचा विषयही काढला नाही. थोरली तिला समुपदेशक बाईंकडे नेऊ लागली. तिथेही ती रुमालाची टोकं जुळवत बसायची.

बाई मला म्हणाल्या, "काका, इथलं येणं चालू ठेवा. आणि घरी त्यांना वाचून दाखवा. सगळ्या तऱ्हेचं. प्रवासाचं, हसण्याचं, दुःखाचंसुद्धा."

मी शिंपी. अक्षरं शिकलो साठीला, तीही धाकट्याकडून. अजून एकेक टाका घातल्यासारखं वाचतो. म्हणून वाचनालयाचं पुस्तक आधी दुकानात वाचून ठेवायचो. कुणी मरणार असं दिसलं की त्या पानावर खडूची खूण. घरी तेवढं पान गाळायचं आणि पुढचं मनानेच जुळवायचं. तिच्या जखमेवर मीठ कशाला? माझ्या वाचनात बुडालेले खलाशी पोहून यायचे, खाटेला खिळलेली पोरगी शाळेत जायची.

वाचनालयातली मुलगी खुणा पाहून एकदा म्हणालीच, "आजोबा, पुस्तकं आहेत ही. पायजमे नाहीत बेतायला."

एका दुपारी बायको बटणं लावत ऐकत होती. मध्येच म्हणाली, "अहो, तुमच्या पुस्तकांत कुणी मरत कसं नाही?"

तिने सुईत नवा दोरा ओवला.

"सगळ्यांची मुलं संध्याकाळी घरी येतात. मग आपल्याच घरी काय झालं?"

मी खडूच्या खुणेपर्यंत पानं मागे उलटली. खलाशाची आई धक्क्यावर उभी आहे, बोट लागते, सगळे उतरतात, तो उतरत नाही. वाचताना माझी ओळ दोनदा चुकली.

"पुन्हा वाचा."

पुन्हा वाचलं. तिसऱ्या खेपेला ती रडली, मोठ्याने, शेजारच्यांनी दार उघडून पाहावं इतकी. मी हात धरला, तो तिने सोडवून घेतला.

"इतके दिवस मला एकटीला ठेवलंत तुम्ही," ती म्हणाली.

 

पुढच्या वेळी ती बाईंना म्हणाली, "यांनाही आत बसू द्या." मग रुमाल बाजूला ठेवून तिने सांगितलं, "माझा धाकटा मुलगा खांबावर काम करताना मेला. अकरा फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी सव्वादहा वाजता. सव्वीस वर्षांचा होता."