निळा म्हणजे सोपा

१९८४च्या फेब्रुवारीत देवस्थळीकाका कतारमधल्या दुखानच्या क्वार्टरवर भेटायला आले. "शैला, स्कीचा तो उतार निळ्या पाटीचाच होता गं. निळा म्हणजे सोपा. अप्पांचाच तोल गेला."

शैलजाने चहा विचारला नाही. इथल्या तेलाच्या प्लँटमधल्या पाइपांचे रंग तिच्या वडिलांनी, अप्पांनीच ठरवले होते. तिथे एका रंगाचा एकच अर्थ. त्याच भरवशावर ते काकांच्या आग्रहाने ऑस्ट्रियात स्कीइंगला गेले आणि बर्फातच संपले.

"आदल्या दिवशीचाही निळाच होता ना?"

"हो, पण ते गाव वेगळं. तिथला निळा अगदी सपाट. प्रत्येक गाव आपापले रंग लावतं, मला ठाऊक..." काका अडखळले.

"अप्पांना सांगितलंत?"

शैलजाने दार उघडलं.

"या आता. आणि आईसमोर पुन्हा 'तोल गेला' म्हणू नका."