धोट्याचं विस्थापन

मी एक जुना लाकडी धोटा आहे. सिल्वाशाच्या एका कापड कारखान्यात, पोटात सुताची कांडी घेऊन मी मागावर पळायचो.

डावीकडून उजवीकडे.

उजवीकडून डावीकडे.

मित्रांनो, माझी सगळी उमेदीची वर्षं एवढीच. मागाच्या टोकाच्या पेटीत पोहोचलो, जरा टेकलो, की पुन्हा टोला. सोबतीला कोणी नाही. मागावर एका वेळी एकच धोटा पळतो.

मला हात लावायचा तो चिंधा. शिरपूरकडून आलेला कामगार. बायको वारलेली. जवळच्या डोकमर्डी वस्तीतल्या खोलीत तो आणि त्याची मुलगी रोशनी, दोघंच.

खंडेनवमीला माग थांबत, घरची माणसं पूजेला येत. त्या वर्षी मला कुंकू लावून चिंधा म्हणाला, "कितला पळालाय हा! सरळ पळता तर दिल्लीले पोहचता."

दहावीतली रोशनी हसली. "बाबा, ते अंतर झालं. निघालो तिथून सरळ रेषेत, कोणत्या दिशेला, किती लांब पोहोचलो, ते विस्थापन. हा तर परत त्याच पेटीत. म्हणजे शून्य."

"मग आमच्या चिंधाभाऊचंबी शून्यच की!" शेजारच्या मागावरचा भास्कर ओरडला. "दिवसभर फेऱ्या, अन् संध्याकाळी तीच खोली!"

सगळे हसले. चिंधा नाही. त्याने मला पेटीत ठेवलं. जरा जोरातच.

पुढे बिनधोट्याचे माग आले. मी भंगारात. चिंधाने मला उचलून घरी नेलं, फळीवर ठेवलं. तिथे धूळ होती आणि मी.

बारावीनंतर रोशनीला नाशिकला प्रवेश मिळाला. ती अडून बसली. "मी नाही जात. तुम्ही एकटे पडाल. भाकरी कोण करील?"

चिंधा उठला. फळीवरून मला काढलं, धोतराने पुसलं, तिच्या पिशवीत घातलं.

"याले घेऊन जा, माय. अन् परत आणू नको. आणलास तर याचं पुन्हा शून्य होईल."

रोशनी रडली. मग बसमध्ये चढली.

आता मी नाशिकच्या वसतिगृहात खिडकीत आहे. माझं विस्थापन आता शून्य नाही. टोला मारणारा हातही नाही.

दिवाळी आली आहे. रोशनी घरी जायला पिशवी भरते आहे. मला ती नेणार नाही, बाबाला तसा शब्द दिलाय.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ पुसत जा. आणि ज्याने आपल्याला लांब धाडलं, त्याच्या दारी जाऊन येत जा. तेवढ्यापुरतं विस्थापन शून्य झालं, तरी होऊ द्या.