पोळ्याच्या रात्रीचं दूध

शकुबाईनं जायफळ सहाणेवर धरलं आणि ओसरीकडे पाहिलं. केशवराव टॉर्चच्या उजेडात गोटे निवडत होते. लिंबं घ्यावीत तसे, दाबून दाबून.

उद्या गोटमार, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची दगडफेकीची जत्रा. जाम नदीच्या या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव, आणि मध्ये दगड. मागच्या साली त्यातला एक केशवरावांच्या भुवईवर बसला होता. टाके घालताना डॉक्टरनं बजावलं होतं, पुन्हा लागला तर डोळा गेला. यातून केशवरावांनी एवढाच बोध घेतला की आपण नेम जरा खाली धरला होता.

तेव्हा उद्या दुपारपर्यंत हा माणूस उठताच कामा नये, असं शकुबाईनं ठरवलं. दूध आटवलं, खसखस-बदाम वाटून घातले. जायफळ एरवी चिमूटभर पुरतं. आज तिचा हात थांबेना.

"काय घासून राहिली वं एवढी?"

"दूध करून राहिली. झोप चांगली लागते."

"मले उद्या पहाटे उठाचं हाय."

"म्हनूनच तं. लवकर झोपसान तं लवकर उठसान."

केशवरावांनी पेला हुंगला आणि डोळे बारीक केले. बायको सावरगावची. लग्नाला चाळीस वर्षं होऊनही पोळ्याच्या दिवशी तिच्या हातचं ते जपूनच खात.

"तुह्या माहेरच्यायचा हात तं नाई ना यात?"

"म्हशीचं हाय. माहेरचं नाई."

तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ हेमराज हात धुऊन ओसरीवर आला. दर पोळ्याला तो सावरगावहून पुरणपोळी खायला येई आणि दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठावरून गोटे फेकी. यात दोन्ही घरांना काही वावगं वाटत नसे.

केशवरावांचा चेहरा उजळला. "घे हेमराज. आधी पाहुना."

"अहो, त्याले दुसरं देतो! ते तुमचं—" शकुबाई मधेच म्हणाली.

"काऊन? माह्यात असं काय टाकलं?"

शकुबाईनं हात पुढे केला, तोवर हेमराजनं पेला एका दमात रिकामा केला.

"लय झकास झालं ताई. उलीसा लवंडतो अन् निघतो."

तो निघाला नाही. शकुबाईचा डोळ्याला डोळा लागला नाही. केशवराव मात्र पहाटे ताजेतवाने उठले, डोक्याला फडकं बांधलं, खिसे गोट्यांनी भरले. ती दारात आडवी उभी राहिली.

"डोळा जाईन तुमचा."

"बाजूले हो."

मग त्यांची नजर खाटेवर गेली. "अन् हा अजून इथंच? ऊठ रे! तुहे गाववाले वाट पाहून राहिले!" त्यांनी हेमराजला गदागदा हलवलं. हेमराजनं कूस बदलली आणि तो नव्या दमानं घोरायला लागला.

नदीकडून पहिला गलका उठला. मागोमाग कुणाचीतरी किंकाळी. केशवरावांचा हात आपोआप भुवईवर गेला. ते खिडकीपाशी गेले. आता खिडकीतूनच उडी घेतात की काय, असं तिला वाटलं.

त्यांनी खिडकी हळूच लावून घेतली.

"पाहुना झोपून राहिला," ते दबक्या आवाजात म्हणाले. "त्याले असा टाकून कसा जाऊ? लोक काय म्हनतीन?"

"हाव," शकुबाई गंभीरपणे म्हणाली. "लोकायचं पाहाच लागते."

केशवरावांनी चपला काढल्या, आवाज होऊ नये म्हणून हातातच धरल्या, आणि ते साळ्याच्या उशाशी पहाऱ्याला बसले.