सात नंबरच्या फलकावरचं वाक्य

सिन्चूच्या त्या कारखान्यात दुपारी साडेबाराला दिवे मालवले जात आणि फांगसाहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे आपापल्या टेबलावर उशी टाकून, उशीवर गाल टेकून अर्धा तास झोपत. खो चिंग-याओही झोपे. म्हणजे उजवा डोळा मिटे आणि डावा किलकिला ठेवून समोरच्या टेबलावर झोपलेल्या पेइ-रूकडे बघत राही. हे तीन वर्षं चाललं होतं. एवढ्या काळात त्याने तिला सांगितलेली सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे, आठ नंबरच्या फलकात लाल जरा फिका येतोय.

आज शुक्रवार होता आणि रविवारी पेइ-रू दोन वर्षांसाठी नेदरलँड्सच्या कचेरीत निघाली होती. आज बोलला नाही तर संपलं. जो माणूस चार हातांवरून बोलू शकत नाही, तो अर्ध्या पृथ्वीवरून काय कपाळ बोलणार?

पण त्याला लिहिता येत होतं, तेही फलकावर. कारखान्यात कागदासारखे दिसणारे फलक बनत. कुठे बसथांब्यावर लागायचे, कुठे दुकानाच्या फळीवर, कुठे दवाखान्यात रोग्याच्या खाटेपाशी. फलकाच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे लाखो कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात तेलात पोहणारे कण: काळे, पांढरे, पिवळे, लाल. विजेचा हलका धक्का दिला की हवे ते कण वर येतात, बाकीचे बुडी मारतात. कोणाला किती जोराने आणि किती वेळ ढकलायचं, ते चिंग-याओ ठरवे. कण मोठे हट्टी. एकदा वर येऊन बसले की वीज काढून घेतली तरी जागचे हलत नाहीत, महिनोन्‌महिने. आणि कागदासारखाच फलकाला स्वतःचा उजेड नसतो. अंधारात तो काहीच दाखवत नाही.

या शेवटच्या गुणावर भिस्त ठेवून बाराचाळीसला चिंग-याओ उशीवरून उठला, मोजे घसटत सात नंबरच्या फलकापाशी गेला आणि फोनवरून त्याने वाक्य धाडलं. नुसतं कसं दिसतं ते बघायचं होतं. आवडलं तर चिठ्ठीवर उतरवून संध्याकाळी तिच्या हातात द्यायचं, असा बेत. फलकाने सावकाश कण हलवले. अंधारात अर्थात त्यालाही काही दिसेना. पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात नाक फलकाला लावून तो एकेक अक्षर वाचत बसला आणि वेळेचं भानच राहिलं नाही.

एक वाजला. सगळ्यांना उठवायचं गाणं लागलं, दिवे लागले, आणि सात नंबरचा फलक शाळेच्या फळ्यासारखा लख्ख दिसू लागला.

‘पेइ-रू, तू गेलीस की मला इथे करमणार नाही. मी तुझ्यामागे आलो तर चालेल?’

मागे खुर्च्या सरकल्या. चिंग-याओने खसकन फलकाची तार ओढली. आता हे म्हणजे कमालच! पाच वर्षं येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ‘तार काढली तरी चित्र राहतं’ हे ऐकवणाऱ्या माणसाने, चित्र घालवण्यासाठी तार काढली. वाक्य जागच्या जागी, लाल अक्षरांत, अगदी निवांत. त्याने तार पुन्हा खुपसली. फलकाला जोडलेल्या पेटीतून टिक्‌ असा आवाज आला, तिचा दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. आता वाक्य पुसायचीही सोय उरली नाही.

त्याने पेटीवर ठेवलेल्या हिरव्या पिशवीकडे पाहिलं. आत नारळाचा कुरकुरीत खाऊ असतो आणि त्याच्या नावातच ‘शहाण्यासारखं वाग’ अशी तंबी आहे. अशी हिरवी, ताजी, भरलेली पिशवी डोक्यावर असेल तर यंत्रं रुसत नाहीत, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक. पिशवी हिरवी होती, तारीखही उलटलेली नव्हती. पण ती रिकामी होती! कोणीतरी खाऊ फस्त करून वर चिमटा लावून ठेवला होता.

“कोणी खाल्ला रे?” तो कळवळून ओरडला आणि मग त्याने फलकाला मिठी मारून त्याचं तोंड भिंतीकडे वळवलं.

“झोपेत बडबडतोस काय?” फांगसाहेब गालावर उशीचा वळ घेऊन आले. “पाहुणे खाली आलेत. बसखात्याच्या च्वांगबाई स्वतः. सात नंबर घे आणि चल.”

“साहेब, आठ नंबर नेऊ या ना. आठ नंबर छान आहे.”

“आठ नंबरचा लाल फिका आहे! महिनाभर तूच माझं डोकं खातोयस. सातवर बसचं वेळापत्रक आहे ना?”

“होतं, साहेब.”

“मग झालं तर!” साहेबांनी फलक त्याच्या कवेतून सोडवून स्वतःच काखोटीला मारला. चिंग-याओ मागे धावला. बैठकीच्या खोलीत च्वांगबाई कोहळ्याच्या गार चहाचा पेला घेऊन बसल्या होत्या. दाराशी, चाचणीची वही हातात धरून पेइ-रू उभी होती. फलक तपासून पास-नापास ठरवणारी तीच, म्हणून तिला बोलावलेलं. चिंग-याओला वाटलं, बाहेर एवढा वारा सुटलाय, त्याने आत येऊन आपल्याला उचलून समुद्रात टाकावं.

साहेबांनी फलक छातीशी उभा धरला, तोंड पाहुण्यांकडे. त्यांना स्वतःला मागची बाजू तेवढी दिसत होती.

“बघा बाई! तार नाही, वीज नाही. तरी कसं ठळक दिसतंय!”

“दिसतंय खरं,” च्वांगबाई म्हणाल्या आणि त्यांनी पेला खाली ठेवला.

“भर उन्हात तर आणखी ठसठशीत. थांब्यावरच्या लहानथोरांना लांबून वाचता येईल.”

“अगबाई, लहानांनासुद्धा?”

“सगळ्यांना! आणि एकदा लिहिलं की आपण होऊन पुसलं जात नाही. ऊन, वारा, भूकंप, काही होवो. शब्द म्हणजे शब्द!”

“हे मात्र फार आवडलं मला,” च्वांगबाई रुमालाने डोळे टिपत म्हणाल्या. त्या हसून हसून रडत होत्या. “पण फांगसाहेब, यातली पेइ-रू कोण?”

साहेबांनी फलक वळवला. एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग चिंग-याओकडे बघितलं. तो पायांकडे बघत होता. पायांत अजून नुसते मोजेच होते.

“मी,” दारातून पेइ-रू म्हणाली.

ती वळली आणि निघून गेली. चिंग-याओला वाटलं, झालं, थेट विमानतळावरच गेली. पण मिनिटभरात ती आठ नंबरची पेटी घेऊन परत आली. तिने ती सातला जोडली, तार लावली आणि सगळ्यांकडे पाठ करून फोनवर काहीतरी टिपलं.

फलक काळा झाला, मग पांढरा झाला. पुसतेय, चिंग-याओच्या मनात आलं. बरोबरच आहे, आपल्या जिभेला तीन वर्षं लकवा झाला होता, त्याची हीच शिक्षा. लाल कण वर यायला वीस सेकंद लागतात. हा हिशोब त्यानेच बसवलेला, आणि त्याबद्दल गेल्या साली शाबासकीही घेतलेली. आता एकेक सेकंद गोगलगाईसारखा सरपटत होता.

“नेहमी एवढा वेळ लागतो?” च्वांगबाई खुर्चीच्या टोकावर सरकल्या होत्या.

“घाई केली तर रंग बिघडतो, बाई,” साहेबसुद्धा कुजबुजत म्हणाले.

आधी राखाडी डाग आले, मग त्यांची अक्षरं झाली, मग अक्षरं लाल झाली.

‘दुपारी तू झोपत नाहीस हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. मीही झोपत नाही. ये.’

च्वांगबाईंनी टाळ्या वाजवल्या. साहेब “अरे पण वेळापत्रक!” म्हणत मटकन बसले. चिंग-याओला आनंदाने काय करावं ते कळेना. त्याने च्वांगबाईंना कमरेत वाकून नमस्कार घातला, मग साहेबांना, मग चुकून फलकालाही.

“आणि तो खाऊ मीच संपवला,” पेइ-रू म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. “सकाळपासून तू बोलशील बोलशील म्हणून वाट बघत होते. माणसाला भूक लागते की नाही?”

तेवढ्यात त्याचं लक्ष गेलं. तिच्या वाक्यामागे त्याचं वाक्य अजून पुसटसं दिसत होतं. फलक नीट धुवून घ्यायचा तर तीनदा उलटापालटा करावा लागतो. तिने एकदाच केला होता, आणि हे तिच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. मागचं असं डोकावू लागलं की फलक बाद, हा नियमच. तीन वर्षांत तिने असे शेकडो फलक बाद केले होते.

“पेइ-रू,” तो म्हणाला, “मागचं राहिलंय.”

“दिसतंय मला.”

तिने चाचणीची वही उघडली, सात नंबरपुढे ‘पास’ लिहून सही केली, आणि मग वाकून तार ओढून टाकली.