भिंगरीची फुंकणी

मित्रांनो, मी एक जुनी फुंकणी आहे. चुलीतला विस्तव फुलवणारी लोखंडी फुंकणी तुम्ही कुठे पाहिली असेल, तर तिची-माझी ओळख नाही. मी पांढऱ्या प्लास्टिकची, वीतभर लांबीची नळी आहे. माझ्या तोंडात जोरात फुंकले की पाठीवरच्या खाचेतला लाल काटा सरकतो आणि एका आकड्यापाशी थांबतो. छाती मोकळी असली की काटा लांब जातो. छाती आवळलेली असली की जागच्या जागी अडखळतो. दवाखान्यात मला पीक फ्लो मीटर म्हणतात. फुंकणी हे नाव मला एका आईने दिले आणि तेच मला चिकटले.

माझा जन्म एका स्वच्छ, लांबलचक खोलीत झाला. तिथे पहिला श्वास माझ्यात माणसाने नव्हे, एका यंत्राने फुंकला. काटा बरोबर जागी थांबला, म्हणून हातमोजे घातलेल्या एका बाईने मला खोक्यात घातले. नंतर कितीतरी महिने मी दवाखान्याच्या कपाटात पडून होते. कपाटाबाहेर लोक खोकत, मुले रडत. मला ते सगळे ऐकू येई, पण मला कोणी हाक मारत नसे.

एक दिवस कपाट उघडले. समोर दहा वर्षांची एक मुलगी बसली होती. तिचे वडील सुतार होते. लहानपणी ती एका जागी ठरत नसे, म्हणून ते तिला भिंगरी म्हणत. आता मात्र भिंगरी फिरायची थांबली होती. पहाटे तिला खोकल्याची उबळ येई. जिना चढताना छातीतून बारीक शीळ वाजे. शाळेत खेळाच्या तासाला ती बाकावर बसून मैत्रिणींच्या चपला सांभाळत असे.

"हा दमा आहे," डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या. "श्वासाच्या नळ्या आतून सुजलेल्या असतात. त्यात धूळ, धूर, गार वारा, सर्दी, असं काही न सोसणारं आलं की त्या आणखी आवळतात. मग शीळ वाजते, छाती जड होते."

"लागट असतो का हो?" आईने घाबरत विचारले.

"अजिबात नाही. खुशाल एका ताटात जेवा."

त्यांनी दोन पंप दिले. तपकिरी पंप रोजचा, नळ्यांची सूज उतरवणारा. निळा पंप धाप लागली की लगेच घ्यायचा. दोन्ही पंप स्पेसर नावाच्या एका फुगीर नळकांड्याला लावून ओढायचे, म्हणजे औषध जिभेवर न राहता थेट छातीत जाते. शेवटी त्यांनी मला पुढे केले.

"अगंबाई, ही तर फुंकणीच की!" आई म्हणाली, आणि भिंगरी खुदकन हसली. माझ्या आयुष्यातले ते पहिले हसू.

रोज सकाळ-संध्याकाळ उभे राहायचे, मोठा श्वास घ्यायचा, ओठ घट्ट मिटायचे आणि एका दमात फुंकायचे. असे तीनदा. सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. भिंगरीचा सर्वांत चांगला आकडा दोनशे साठ होता. त्यावरून डॉक्टरीणबाईंनी माझ्या पाठीवर रंगीत खुणा लावल्या. दोनशे दहाच्या वर हिरवा, म्हणजे ठीक. त्याखाली पिवळा, म्हणजे जपा. एकशे तीसच्या खाली लाल, म्हणजे निळा पंप घ्या आणि दवाखाना गाठा. कधी काय करायचे, त्याचा कागद आईने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चिकटवला.

पहिला महिना माझे फार कौतुक झाले. शेजारपाजारचे मला बघायला येत. भिंगरी माझ्याशी बोले. "आज किती देशील गं?" असे विचारून मगच ती फुंके. पण मित्रांनो, मी तिला काहीच देऊ शकत नव्हते. पंपात औषध असते, म्हणून तो दप्तरात बसून शाळेत जातो. मी फक्त सांगते. कामे उरकली की मी पुन्हा फडताळावर, वहीच्या शेजारी.

आकडे हिरवे राहू लागले तसे घर निवांत झाले. एकदा आत्या आली. तपकिरी पंप बघून म्हणाली, "बरी आहे ना आता पोर? मग कशाला रोज हे? सवय लागते याची. एकदा लागली की जन्मभर सुटत नाही." आईलाही मनातून तेच वाटत होते. दुसऱ्या दिवसापासून तपकिरी पंप डब्यात गेला. मी समोरच होते. मला ओरडता येत नाही.

हळूहळू काटा मागे पडू लागला. दोनशे वीस. दोनशे पाच. एकशे पंच्याण्णव. आई हवेला दोष देई, थंड पाण्याला दोष देई. मग बाबा आठ दिवसांसाठी परगावी गेले. तिथल्या एका शाळेला बाके करून द्यायची होती. त्या आठ दिवसांत आकडा चढत गेला आणि शेवटी दोनशे पंचेचाळीसला पोचला. बाबा परतले त्या संध्याकाळी भिंगरी धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली. शर्टावर, केसांत, भुवयांत बारीक भुसा होता. दुसऱ्या सकाळी आकडा एकशे ऐंशी.

आईने वही उघडली आणि बोट फिरवत बसली. मग हळूच म्हणाली, "अहो, जरा बघता का हे?"

बाबांनी पाहिले. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी ते आठ दिवस कंसात घेतले. पुन्हा पाहिले.

"म्हणजे माझ्यामुळं," ते म्हणाले.

"तसं नाही म्हणत मी..."

"मग दुसरं काय म्हणतेय ही वही?"

मी खरे सांगितले होते, पण त्या दिवशी त्या घरातला एक माणूस एकटा पडला, तोही माझ्यामुळे. बाबा आता मागच्या दाराने येत. न्हाणीत तासभर अंग घासत. ताट घेऊन स्वयंपाकघरालगतच्या गॅलरीत बसत आणि काचेच्या दाराआड जेवत. भिंगरी काचेला नाक लावून उभी राही. ते म्हणत, "लांबूनच बोल, बाळा." ती रुसून बसली तरी जवळ येत नसत. दार बंद, म्हणून तिला वाटे की बाबा चिडलेत. आपण आजारी पडतो म्हणून चिडलेत. हे तिने कोणाला सांगितले नाही. फक्त एकदा फुंकण्याआधी मला म्हणाली, "प्लीज, आज खूप मोठा आकडा दे."

बाबा माझ्याकडे बघतसुद्धा नसत. निदान मला तरी तसेच वाटे.

एका शनिवारी सकाळी काटा दोनशे वीसवर गेला. हिरवा! भिंगरीने वहीत आकडा लिहिला, मला फडक्यात गुंडाळले आणि दप्तरात घातले. शाळा अर्धा दिवस होती. सुटल्यावर ती घरी न येता सरळ बाबांच्या सुतारकामाच्या शेडकडे चालू लागली.

शेडमध्ये लाकूड घासणारे पॉलिशपेपरचे यंत्र घरघरत होते. दारातून आलेल्या उन्हात भुशाची धूळ धुक्यासारखी तरंगत होती. भिंगरीने मला उंच धरले आणि ओरडली, "बाबा, हिरवा आलाय! दोनशे वीस! आता येऊ ना जवळ?"

बाबांनी मान वर केली आणि त्यांचा चेहराच उतरला. "बाहेर! आधी बाहेर हो!"

ते धुळीला घाबरून ओरडले होते. तिला वाटले, आपल्याला हाकलले. ती तिथेच उभी राहून हमसून हमसून रडू लागली. रडताना माणूस खोल श्वास ओढतो. चार-पाच हुंदक्यांतच खोकला सुरू झाला. मग शीळ. मग खांदे वर-खाली होऊ लागले, गळ्याजवळची कातडी आत ओढली जाऊ लागली. "बा... बा..." एवढेच दोन तुकडे तिच्या तोंडून निघाले.

यंत्र बंद झाले. बाबांनी अंगातला शर्ट ओरबाडून फेकला, तिला उचलले आणि बाहेर मोकळ्यावर आणले. झोपवले नाही. भिंतीच्या कट्ट्यावर किंचित पुढे वाकवून ताठ बसवले. दप्तर उलटे केले. निळा पंप, स्पेसर, मी, कंपासपेटी, सगळे मातीत पडले. पंप हलवून त्यांनी स्पेसरला लावला.

"एक दाब. आता सावकाश श्वास. एक... दोन... तीन... चार... शाब्बास. पुन्हा पंप हलवायचा. दुसरा दाब."

मी थक्क झाले. कपाटावरचा तो कागद ते शब्द न शब्द म्हणत होते. गॅलरीतून रोज काचेआडून तो त्यांना समोरच दिसत असणार. सहा दाब झाल्यावर त्यांनी मला उचलले. भुशाने माखलेल्या त्या हातात मी पहिल्यांदाच होते. "फुंक, जमेल तेवढं."

काटा एकशे दहावर थांबला. लाल.

"टेम्पो काढ!" बाबांनी शेडमधल्या पॉलिशवाल्याला हाक मारली. वाटभर ते तिला पंप देत होते आणि दर दाबामागे एकच वाक्य म्हणत होते, "मी चिडलो नव्हतो गं. मी चिडलो नव्हतो."

दवाखान्यात तिच्या तोंडावर मास्क लावला, त्यातून औषधाची वाफ सुरू झाली. हाताच्या शिरेतून औषध दिले. आई धावत आली. संध्याकाळपर्यंत शीळ मंदावली आणि भिंगरी एक अख्खे वाक्य बोलली: "मला भूक लागलीय."

डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. "तपकिरी पंप रोज चालू आहे ना?"

आईने खाली पाहिले. "बरी होती... म्हणून बंद केला."

"बरी होती ती त्या पंपामुळंच. सवय नाही लागत त्याची. तो थांबला, सूज परत आली, आणि मग भुसा सोसेना झाला."

बाबा दाराजवळ, बाहेरच्या बाजूला उभे होते. उघडे अंग, खांद्यावर पॉलिशवाल्याचा टॉवेल. "मी शेडमध्येच राहायला जातो," ते म्हणाले. "तिला बरं वाटेपर्यंत."

"कशाला?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तिला भुशाचं वावडं आहे, बापाचं नाही. कामाचे कपडे शेडमध्येच ठेवा. तिथंच अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून घरी या. आणि या आत. तिच्याजवळ बसा."

बाबा आत आले. काठावर, अंग चोरून बसले. भिंगरीने मास्क बाजूला सारला आणि त्यांच्या मांडीवर डोके ठेवले. सिस्टरनी तो मास्क पुन्हा नीट बसवला, पण डोके तिथेच राहू दिले.

त्यानंतर तपकिरी पंप कधी बंद पडला नाही. बाबांनी शेडमागे चार पत्रे ठोकून न्हाणी केली. काचेचे दार उघडे राहू लागले. हळूहळू भिंगरी बाकावरून उठली. आधी मैदानाला एक फेरी, मग दोन. पळण्याआधी निळा पंप घ्यायचा, हे तिने शाळेतल्या बाईंना स्वतः सांगितले. दमा गेला नाही, पण तो तिच्या मुठीत राहिला.

भिंगरी उंच होत गेली. माझी मापपट्टी चारशेवर संपते. एका सकाळी तिने फुंकले आणि काटा वरच्या टोकाला ठक्कन आदळला. पुढे जायला जागाच नव्हती. "अरेच्चा, मावतच नाही!" ती हसली. डॉक्टरीणबाईंनी तिला मोठ्यांची नवी नळी दिली. ती घेऊन भिंगरी शिकायला दुसऱ्या गावी गेली. मला तिने पुसले, फडक्यात गुंडाळले आणि टेबलाच्या खणात ठेवले. माझ्यासारखीच्या आयुष्यात याहून चांगले काही घडायचे नसते. तरी खणातली वर्षे लांब असतात. माझ्यासोबत एक वाळलेला डिंक होता आणि सुट्या किल्ल्या होत्या. कोणी कशाला विचारत नव्हते.

गेल्या आठवड्यात खण उघडला. बाबा होते. केस पांढरे झालेले. आई बाजारात गेली होती, घरात कोणी नव्हते. त्यांनी मला हातात घेतले, दाराकडे एकदा पाहिले, उभे राहिले आणि फुंकले. मोठ्या माणसाचा काटा चारशेच्या पार जायला हवा. तो दोनशे सत्तरला थांबला. त्यांनी पुन्हा फुंकले. दोनशे साठ. मग ते बराच वेळ खोकत बसले.

"जुनी झालीस तू," ते मला म्हणाले आणि खण लावला.

मित्रांनो, मी जुनी झाले होते हे खरे. पण तो आकडा मला खोटा वाटला नाही.

रविवारी भिंगरीचा फोन आला. बोलता बोलता ते सहज म्हणाले, "तुझी ती फुंकणी बिघडली बहुतेक."

"तुम्हाला कसं कळलं, बाबा?"

बाबांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"आकडा किती आला?"

"काही नाही गं, भुसा जातो घशात..."

"बाबा, आकडा."

"दोनशे सत्तर."

"उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंकडे जा. मी त्यांना आत्ता फोन करते. आणि फुंकणी बरोबर न्या."

सोमवारी सकाळी मी बाबांच्या पिशवीतून दवाखान्यात गेले. बाकावर ते एकटेच बसले होते, मला दोन्ही हातांत धरून. आतून हाक आली तेव्हा ते उठले, पण पाऊल पुढे टाकायला त्यांना जरा वेळ लागला.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या घरात कोणी रोज सकाळी खोकत असेल, जिन्यात मध्येच थांबून चपलेचा पट्टा नीट करण्याचे निमित्त करत असेल, "काही नाही" म्हणून विषय बदलत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. पुन्हा विचारा. आणि त्याने खरे सांगितले, तर दवाखान्याच्या दारापर्यंत त्याच्यासोबत चाला.