कळवतो, असं सांगितलं होतं

मंचरच्या एसटी स्टँडमागे सुभाषचंदशेठचं कापडाचं दुकान आणि त्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, त्यांच्या मुलाचं, कल्पेशचं, सॉफ्टवेअरचं ऑफिस. पाच संगणक, चार माणसं आणि रोजचं एकच रडगाणं : चांगला प्रोग्रॅमर मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही.

ते खोटंही नव्हतं. मुलं यायची, सहा महिने शिकायची, हात बसला की पुण्याची वाट धरायची. कुणी रुजू व्हायच्या दिवशीच फोन बंद करून ठेवायचा. एकाने तर कल्पेशचं नेमणुकीचं पत्र दाखवून दुसरीकडे पगार वाढवून घेतला होता. आपल्याला सगळे फसवतात, असं एकदा मनात बसलं की आपण कुणाला फसवतोय ते माणसाला दिसेनासं होतं. कल्पेशचं तसंच झालं.

त्याने एक युक्ती काढली. नोकरी मागायला आलेल्याला तो परीक्षा म्हणून चार दिवसांचं काम घरी करायला द्यायचा. ते काम लुटुपुटीचं नसायचं. ऑफिसात जे अडलेलं असेल तेच तो द्यायचा. जमलं तर ते वापरून टाकायचं, आणि उमेदवाराला म्हणायचं, "कळवतो." दोन वर्षांत एकतीस जणांनी असं काम करून दिलं. नोकरी लागली दोघांना. बाकीच्यांना काहीच कळवलं गेलं नाही. "सगळ्या कंपन्या असंच करतात," कल्पेश म्हणायचा, आणि त्यातही पुष्कळ तथ्य होतं.

मे महिन्यात रुपाली आली. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात तिची वाडी. घोडेगावला राहून ती कॉम्प्युटरची पदवी शिकलेली. कल्पेशने तिला रक्त-लघवी तपासणाऱ्या एका लॅबच्या सॉफ्टवेअरचा भाग दिला होता. पेशंटची नोंद करायची आणि रिपोर्ट ज्याचा त्याला जोडायचा. वाडीत नेटवर्क नव्हतं, म्हणून रोज संध्याकाळी वरच्या पठारावर लॅपटॉप घेऊन जाऊन तिने काम पाठवलं. तीनच दिवसांत.

मुलाखतीला कल्पेशशेजारी त्याचा भागीदार अंकित बसला होता. त्याने तिला इंग्रजीत स्वतःबद्दल सांगायला सांगितलं. दोन वाक्यांवर ती अडली. मग मराठीत, आधी जपून आणि पुढे भरात, बोलू लागली.

"सर, एका नावाच्या दोन बाया आल्या तर? आमच्याकडं लई हाईत अशा. नाव तेच, नवऱ्याचं नाव तेच, आडनाव बी तेच. म्हणून मी वय आणि गाव इचारल्याबिगर पुढं जाऊच दिलं नाय."

अंकितने हसू लपवायला पाण्याचा ग्लास उचलला. तिने ते पाहिलं आणि तिचा आवाज खाली गेला.

"ठीक आहे," कल्पेश म्हणाला, "कळवतो."

ती गेल्यावर अंकित म्हणाला, "काम एक नंबर आहे राव. पण गिऱ्हाइकासमोर ही बोलणार कशी?"

"काम ठेवून घे," कल्पेश म्हणाला. "माणसाचं बघू पुढे."

पुढे कुणीच पाहिलं नाही. रुपालीचे दोन ईमेल आले, एकदा फोनही आला. कल्पेशने तो उचलला नाही.

जुलैत सॉफ्टवेअर लॅबमध्ये बसलं. आठवडाभराने लॅबमधून तक्रार आली, की प्रत्येक पेशंटला वय-गाव विचारत बसण्यात वेळ जातो. कल्पेशने सुदर्शनला, ऑफिसातल्या प्रोग्रॅमरला, सांगितलं, "तो प्रश्न काढून टाक." सुदर्शनने पाच मिनिटांत प्रोग्रॅममधल्या त्या ओळी बंद करून टाकल्या.

नोव्हेंबरात एका सकाळी लॅब चालवणाऱ्या जागृतीताईंचा फोन आला. लंकाबाई जानकू लोहकरे या नावाच्या दोन बाया एकाच आठवड्यात तपासणीला येऊन गेल्या होत्या. गावं वेगळी, नाव एक. रिपोर्टची अदलाबदल झाली. जिला साखर होती तिला "सगळं ठीक" म्हणून घरी पाठवलं. जिला नव्हती तिला डॉक्टरांनी रिपोर्ट बघून साखरेच्या गोळ्या सुरू केल्या. तिसऱ्या दिवशी भात कापताना तिची साखर एकदम उतरली आणि ती खाचरातच कोसळली. आता दवाखान्यात होती.

कल्पेशने संगणक उघडला. सुदर्शनने बंद केलेल्या ओळी अजून तिथेच होत्या, आणि त्यांच्यावर मराठीत एक सूचना लिहिलेली होती : 'एका नावाची दोन माणसं असू शकतात. वय आणि गाव विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. कृपया हे काढू नका. रुपाली.'

त्याने ते दोनदा वाचलं. सुदर्शन मागे उभा होता. "तुम्हीच सांगितलं होतं सर," तो हळूच म्हणाला.

कल्पेश तडक दवाखान्यात गेला. लंकाबाई शुद्धीवर होती, हाताला सलाईन. शेजारी तिचा मुलगा गोकुळ बसला होता. कॉम्प्युटरवाले साहेब आलेत म्हटल्यावर तो चटकन उठला आणि त्याने आपलं स्टूल पुढे सरकवलं.

"तुमी कशाला तरास घेतला सायेब? आमचंच चुकलं. आमच्यात नावंच तीच ती. आईनं गाव सांगाया पायजे व्हतं, पर तिला कुणी इचारलंच न्हाई."

कल्पेश "काळजी घ्या" एवढंच म्हणाला आणि बाहेर पडला. जिना उतरताना आपले कान तापलेत हे त्याला जाणवलं. त्या माणसाने त्याला बसायला स्टूल दिलं होतं!

घरी तो जेवला नाही. आई, उगमबाई, स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. त्याने सगळं सांगितलं, अगदी न उचललेल्या फोनसकट.

उगमबाईंनी निवडणं थांबवलं नाही. "समज, दुकानात एक शिंपी काम मागायला आला," त्या म्हणाल्या. "तुझ्या पप्पांनी त्याला नमुना म्हणून सदरा शिवायला लावला. सदरा विकला आणि शिंप्याला म्हणाले, कळवतो. याला काय म्हणशील तू?"

कल्पेशची नजर मेथीच्या काड्यांवर गेली.

"आपल्या जैनांत याला अदत्त म्हणतात. कुणी दिलं नाही ते घेणं. कुलूप फोडलं तरच चोरी होते असं नाही, बेटा."

"पण मम्मी, ती मुलंसुद्धा फसवतात. सांगून येत नाहीत..."

"येत नसतील. म्हणून जी आली तिला शिक्षा?" आता त्यांनी मान वर केली. "आणि तिचं बोलणं गावंढळ म्हणून तुम्ही हसलात. तुझे आजोबा मारवाडातून इथे आले तेव्हा त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. या डोंगरातल्या लोकांनीच त्यांच्याकडून कापड घेतलं. त्यांची भाषा बघून कुणी पाठ फिरवली असती तर तू आज कुठे असतास? संवत्सरीला दोनशे जणांना मोबाइलवर मिच्छामि दुक्कडम् म्हणून क्षमा मागितलीस. ज्यांना खरोखर दुखवलंस, त्यांतला एक तरी होता का त्यात?"

एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो आधी दवाखान्यात गेला. उभ्यानेच गोकुळला म्हणाला, "चूक तुमची नव्हती. माझी होती. एका मुलीने ही चूक होऊ नये म्हणून सोय करून ठेवली होती. ती मी काढून टाकली."

"माझी आय मेली असती सायेब," गोकुळ म्हणाला. या वेळी त्याने स्टूल पुढे केलं नाही. कल्पेशला ते बरोबरच वाटलं. दुसऱ्या लंकाबाईकडे जागृतीताईंनी माणूस पाठवला होता. तिची पुन्हा तपासणी होऊन उपचार सुरू झाले, तेव्हा कुठे त्याने मोठा श्वास घेतला.

मग तो डोंगरात गेला. रुपालीचे वडील गेणभाऊ खळ्यावर भात झोडत होते. "या पावणं," म्हणून त्यांनी पाणी दिलं. रुपाली आली. कल्पेशने काहीही न लपवता सांगितलं, हात जोडले, आणि नोकरीवर यायची विनंती केली.

"मला नारायणगावला लागलीय नोकरी," ती म्हणाली. "सोमवारपासून जायचंय."

"मग निदान केलेल्या कामाचा मोबदला तरी घ्या."

"घेईन की. काम केलंय मी," ती म्हणाली. "पण सर, त्याचं एवढं नाय वाटलं. तुम्ही कळवलंच नाय. काम चांगलं झालं का वाईट, एवढं तरी सांगायचं व्हतं. सहा महिने मला वाटत होतं, मला काय येतच नाय. इंटरव्ह्यूला जायचं तर तोंडच उघडायचं नाय माझं."

गेणभाऊंनी मान खाली घातली आणि पुन्हा भाताची पेंढी उचलली. कल्पेशला त्यांच्याकडे बघवेना.

"अजून किती जण हाईत असे?" रुपालीने विचारलं.

"अठ्ठावीस."

"त्यांना कळवा मग."

त्याच दिवशी वय-गावाचा प्रश्न पुन्हा सुरू झाला, तिच्या नावाच्या सूचनेसकट. आणि कल्पेशने अठ्ठावीस पत्रं लिहायला घेतली, प्रत्येकाला वेगळं : तुमचं काम कसं होतं, आम्ही त्यातलं काय वापरलं, त्याचा मोबदला कुठे येईल, आणि माझं काय चुकलं. अंकित आधी कुरकुरला. मग त्यातली सात त्याने स्वतः लिहिली. रुपालीचा आवाज आपल्याच हसण्याने खाली गेला होता, हे तो विसरला नव्हता.

नऊ उत्तरं आली. काहींनी आभार मानले. डिंगोरे गावच्या एका मुलाने एवढंच लिहिलं होतं : 'उत्तर मिळालं, बरं वाटलं. पण मी आता हे काम सोडलं आहे. आपल्याला जमत नाही असं वाटलं होतं.'

त्या मुलाला कल्पेशने तीनदा फोन केला. त्याने एकदाही उचलला नाही, आणि याबद्दल कल्पेश कुणाकडे तक्रार करू शकत नव्हता.

आता त्या ऑफिसात परीक्षेचं काम अर्ध्या दिवसाचं असतं आणि ते कधी वापरलं जात नाही. उत्तर आठ दिवसांच्या आत जातं, होकार असो वा नकार. प्रोग्रॅमर अजूनही मधूनच सोडून जातात, पण ते रडगाणं आता कुणी गात नाही.

वाचकहो, आपणही कधी ना कधी कुणाच्या तरी अर्जावर मान हलवणारे असतो. नकार देण्याचा हक्क आपल्याला आहे. पण माणसाचे कष्ट ठेवून घ्यायचे आणि माणसाला दारात ताटकळत ठेवायचं, हा हक्क कुणालाच नाही. नकाराने माणूस खचत नाही, तो दुसरं दार शोधतो. ज्याला उत्तरच मिळत नाही तो स्वतःलाच नाकारत बसतो, आणि त्याचं पाप आपल्या माथी येतं.

म्हणून ज्याला कळवायचं राहिलं आहे, त्याला आजच कळवा.