दोन बोटं सैल

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास आमच्या गावात मारुतीच्या पारापासून हातपंपापर्यंत बायकांची रांग लागायची. शेजारच्या धाड गावाहून जीप भरून बाया यायच्या, देऊळघाटच्याही चार-दोन दिसायच्या. रांगेच्या टोकाला धागेवाली माई बसलेली असायची. ती प्रत्येकीच्या कमरेला लाल धागा घट्ट बांधायची. धाग्याला बोराएवढा काळा मणी असायचा. पुढच्या मंगळवारी त्याच धाग्यात तिची दोन बोटं सहज शिरायची आणि मणी निम्मा झालेला असायचा.

"मणी झिजला, म्हंजे त्यानं चरबी पेली," माई सांगायची. "डॉक्टरची गोळी पोटात जाते. माहा मणी पोटातून बाहेर काढते."

मग जुना धागा कापून धुनीत टाकायचा आणि नवा बांधायचा. असे सात मंगळवार. नियम तीनच होते. गोळी घ्यायची नाही, कारण गोळी आणि मणी एका अंगात नांदत नाहीत. चालायचं नाही, कारण चालल्यानं चरबी हलते आणि मण्याला सापडत नाही. आणि मोजायचा टेप कमरेला लावायचा नाही. टेपच्या टोकाला लोखंड असतं, त्यानं धागा रुसतो.

हा तिसरा नियम माझ्यासाठीच होता. मी गावची आशा सेविका. तीन वर्षं घरोघर जाऊन मी बायांच्या कमरा मोजत होते. ऐंशी सेंटिमीटरच्या वर गेली की कागदावर खूण करायची आणि रक्त तपासायला पाठवायचं. माझा टेप पाहिला की बाया चुलीपुढून उठत नसत. माईपुढे त्याच बाया तासभर उन्हात उभ्या राहायच्या.

खरं सांगते, मला आधी फसवणूक दिसली नाही. मला रांग दिसली, आणि ती माझी नव्हती.

त्याहून जास्त लागलं ते रुख्मिणीचं. ती माझी शेजारीण. तिची कंबर शहाण्णव भरली होती आणि रक्तात चरबी फार निघाली होती. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली आणि चालायला सांगितलं. तेव्हापासून वर्षभर आम्ही दोघी पहाटे नाल्यापर्यंत जाऊन यायचो. घरचं, सासरचं, सगळं त्या वाटेवर बोलणं व्हायचं. माई आली आणि रुख्मिणीचं दार पहाटे उघडेनासं झालं. मी एकटी चालायची आणि परतताना मुद्दाम तिच्या दाराकडे बघायची नाही.

चौथ्या मंगळवारी तिनं मला थांबवून सांगितलं की तिची कंबर सहा बोटं उतरली. मी तिच्या पोलक्याकडे पाहिलं. हुक पूर्वीइतकेच ताणलेले होते. मी तसं म्हणाले, गोळी सोडू नको असंही म्हणाले.

"सुवर्णा, तू जळून राह्यली," ती म्हणाली.

ते खरं होतं.

पुढच्या सोमवारी भर दुपारी ती माझ्या दारात आली. चौकट धरून उभी होती. चेहरा राखेसारखा झालेला, कपाळावर घाम. जबडा जड झाला, मळमळते, दम पुरत नाही, असं म्हणाली. बाईला झटका येतो तेव्हा दर वेळी छातीतच कळ उठते असं नाही, जबडा किंवा पाठही दुखू शकते, नुसता दमही लागतो, हे मी प्रशिक्षणात शिकले होते. हेच मी बचत गटात दहा वेळा सांगितलं होतं.

आणि मी काय म्हणाले? "मले काऊन सांगून राह्यली? माईले सांग."

ती भिंतीला हात लावत परत गेली. मी भांडी घासत बसले. मला बरं वाटत होतं, हेही लपवत नाही. थोड्या वेळानं तिचा नवरा तुळशीराम धावत आला, रुख्मिणी अंगणात पडली होती. मग मी एकशे आठला फोन केला. बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की हृदयविकाराचा झटका आहे, अजून उशीर झाला असता तर हाती लागली नसती.

नर्सनं तिच्या कमरेचा धागा कापून माझ्या हातात दिला. घामानं आणि सहा दिवसांच्या आंघोळीनं मणी गुळासारखा मऊ झाला होता. व्हरांड्यात बसून मी तो नुसताच चोळत होते. तो विरघळला आणि आत धाग्याची घडी लागली. पाच-सहा पदरी, डिंकात आणि राखेत दाबून बसवलेली. ओढली तर सरळ झाली. धागा चांगला चार बोटं लांबला.

मी गावात जाऊन ओरडले असते तर सगळ्या म्हणाल्या असत्या, जळते. म्हणून मी शालूबाईला गाठलं. ती रुख्मिणीची जाऊ आणि माईची पक्की भक्त. तिला घडी दाखवली. ती तिनं स्वतः ओढून पाहिली. मग तिनंच युक्ती काढली. खाटेवरच्या माणसासाठी नुसतं माप नेलं तरी माई धागा द्यायची. शालूबाईनं माझ्या पाण्याच्या लोखंडी टिपाडाला सुतळी गुंडाळून माप घेतलं आणि दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सासूचं माप म्हणून माईपुढे ठेवलं.

माईनं सुतळी हातात घेऊन डोळे मिटले. "म्हातारीची चरबी जुनी हाय," ती म्हणाली. "नऊ मंगळवार लागतीन."

तिनं मण्याचा धागा शालूबाईच्या हातात दिला, तेवढ्यात आम्ही रिकामं टिपाड गडगडत पारापाशी आणलं. शालूबाईनं सगळ्यांसमोर धागा त्याला करकचून बांधला. मी मण्यावर कोमट पाणी ओतत राहिले. बाया हसत होत्या, मग हसायच्या थांबल्या. मणी काळं पाणी होऊन ओघळला आणि धागा खाली घसरला. शालूबाईनं त्यात दोन बोटं घातली.

"माई, हे माही सासू," ती म्हणाली. "पाच मिनिटांत बारीक झाली."

लोखंडाचा विटाळ झाला, धागा रुसला, असं माई सांगू लागली. पण रांगेतल्या जनकाबाईनं तोवर लुगड्याची निरी सरकवून स्वतःचाच मणी नखानं फोडला होता. घडी निघाली. मग दुसरीनं फोडला, मग तिसरीनं. कुणी आरडाओरडा केला नाही. माईची जीप जाऊ लागली तेव्हा जनकाबाई तिच्यापुढे बसून राहिली, पोलीस येईपर्यंत. जादूटोणाविरोधी कायद्याखालच्या तक्रारीवर पहिली सही तिनंच केली.

रुख्मिणी दहा दिवसांनी घरी आली. मी तिच्या खाटेपाशी बसून दारातल्या त्या दुपारचं सगळं सांगितलं, मला बरं वाटलं होतं तेही. तिनं तोंड भिंतीकडे केलं.

"ते मी विसरणार नाही," ती म्हणाली. "त्या बाईनं मले दर मंगळवारी खुश केलं, सुवर्णा. तू टेप काढला का मले लाज वाटे."

आता मी आकडा सांगण्याआधी बाईजवळ बसते, चहा घेते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर रुख्मिणी चालायला येऊ लागली. सध्या आम्ही फार बोलत नाही.

बायांनो, माझा हेतू चांगला नव्हता, तरी मण्यातली घडी खरी होती. म्हणून सांगणारी आवडती की नावडती, हे बघू नका. ती सांगते ते तपासून बघा, माझंही तपासा. रक्तातली चरबी डोळ्यांना दिसत नाही आणि बोटांनी मोजता येत नाही, ती सुईनंच कळते. गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. आणि दम कोंडला, घाम फुटला, जबडा जड झाला, तर शेजारणीच्या दारात तिचा राग जाण्याची वाट बघत उभ्या राहू नका. सरळ एकशे आठला फोन लावा.